हप्त्याचं कार्ड

“उद्या मेंढरामागं निघून गेलीस, तर मी सायकल कुठं हुडकू?”

सांगलीतल्या सायकलच्या दुकानात मालक मला हे म्हणाला. भर दुपारी. दुकानात गिऱ्हाइकं होती, पंक्चर काढणारी माणसं होती. सगळे हसले. माझ्या शेजारी खुर्चीत शैला बसली होती. तीही हसली. थोडंसंच. पण हसली.

मी उभी होते. मला खुर्ची कुणी दिलीच नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. शैला आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच दिवशी लागलो. परीक्षा एक, पगार एक, बोर्डापुढं स्टूलसुद्धा शेजारी-शेजारी. विश्रामबागेकडं दोघींनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथून एक्स्चेंजपर्यंत रोज पायपीट. म्हणून ठरवलं, लेडीज सायकल घ्यायची. रोख द्यायला आमच्याकडं काही नव्हतं. हे दुकान हप्त्यानं सायकली द्यायचं. थोडे पैसे आधी घ्यायचे आणि एक कार्ड द्यायचं. गुलाबी, घडीचं. वर नाव-गाव, आत महिन्यांचे चौकोन. हप्ता भरला की चौकोनात शिक्का.

मालकानं शैलाला आडनाव विचारलं, गाव विचारलं. कराडजवळचं. कृष्णाकाठचा ऊस, थोरला भाऊ मिलिटरीत. मालकानं लगेच चहा मागवला. तिच्या वडिलांना, आबांना, तो कधी भेटलेला नव्हता. नुसतं ऐकून होता. तेवढ्यावर कार्ड लिहून झालं.

मग माझ्याकडं बघून त्यानं शैलाला विचारलं, ही तुमच्याकडं कामाला का? शैला म्हणाली, माझ्याबरोबरच नोकरीला आहे. मग मला आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी म्हटलं, कवठे महांकाळकडचं. वडील काय करतात? मेंढरं राखतात.

तेव्हा तो ते वाक्य बोलला. हसणं संपल्यावर म्हणाला, “जामीन आण. जमीनवाला बघून आण.”

येताना शैला सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आली. मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचाच मला जास्त राग आला.

आत्याकडं राहून मी शिकले. आई-आप्पा वर्षातले सात-आठ महिने कळपाबरोबर पश्चिमेला, कृष्णाकाठच्या गावांमधून. शाळेत पत्ता विचारला की मी आत्याचा सांगायची. भूक बघितली, फाटकं नेसले. पण दुसऱ्याच्या वस्तूवर जळणं काय असतं, ते मला त्या सायकलनं शिकवलं. खोलीच्या दारात ती उभी असायची. हिरवी, हँडलला घंटी. शैला सकाळी टुणकन बसून जायची आणि मी चालत निघायची. मी घामेजून पोचायची तेव्हा ती वेणीबिणी सारखी करून बोर्डावर बसलेली असायची. एकदा ती मला म्हणाली, मागं बस की गं, सोडते. मी म्हटलं, मला चालायला आवडतं. खोटं होतं.

सायकलपेक्षा ते कार्ड जास्त जाळायचं. तिच्या पर्समध्ये, कंगव्याशेजारी पडलेलं असायचं. तिला त्याची किंमत नव्हती. मला होती. त्यावर तिचं नाव होतं आणि नावाआधी कुमारी वगैरे लिहिलेलं. ते नाव वाचून एका परक्या माणसानं तिच्यावर विश्वास ठेवला होता. माझं नाव ऐकून तोच माणूस हसला होता.

त्या दुकानमालकाचा फोन बोर्डावर यायचा. “ताई, पुणं लावा जरा,” असं गोड बोलायचा. आवाजाला आडनाव नसतं ना. मी पुणं लावून द्यायची. हेडफोन काढला की कान तापलेले असायचे.

दिवाळी झाली. शैला म्हणाली, आबांना विचारलंय, ते जामीन राहतील. तुझे आप्पा आमच्याच शिवारात उतरलेत ना सध्या? त्यांनाही बोलावून घेऊ. मी हो म्हटलं. नको म्हणायला पाहिजे होतं, असं आज वाटतं का? नाही. गेले ते बरं झालं.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं गेलो. आबांचं घर मळ्यात. व्हरांड्यात आबा कॉटवर बसले होते. मी नोकरीवाली म्हणून मला खुर्ची दिली. थोड्या वेळानं आप्पा आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. चपला लांब काढल्या आणि कुणी न सांगता खाली जमिनीवर बसले. मी खुर्चीत, बाप भुईवर. मी उठायला लागले तर आप्पांनीच डोळ्यानं दटावलं.

आबा वाईट बोलले नाहीत. हसूनच बोलले.

“पोरीसाठी सही करतो की. त्यात काय. तेवढी औंदा मेंढरं आमच्या रानात जादा बसवा. आन् धान्य तेवढं मागू नगा.”

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. रान मोकळं झालं की आमची माणसं त्यात रात्रीची मेंढरं बसवतात. लेंड्या-मुताचं खत होतं, पुढचं पीक जोमानं येतं. त्याबदली शेतकरी धान्य देतो. तीच आमची कमाई. त्यावर आई भाकरी थापते. आबांनी एका सहीसाठी माझ्या घराची सालभराची भाकर मागितली होती.

आणि आप्पांनी हात जोडले. म्हणाले, “व्हय, मालक. पोरीचं काम हाय.”

त्या जोडलेल्या हातांकडं मी बघत बसले. आबा पेन शोधत होते. शैला हसत माझ्याकडं बघत होती, जमलं एकदाचं, अशी. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मेंढरं आधी बसतात. धान्य सुगी झाल्यावर मिळतं. कधी तेव्हा मिळतं, कधी पुढच्या साली, कधी मिळतच नाही. आबांकडचं गेल्या सालचं निम्मं अजून यायचं होतं. आईनं दसऱ्याला ते बोलून दाखवलं होतं. म्हणजे आजवर उधारी कोण देत आलंय? आम्ही. पिढ्यान् पिढ्या. या उसाच्या मुळाशी आमची उधारी आहे. आणि जामीन मात्र आमच्याकडंच मागतात.

मी म्हटलं, “आबा, मग आमालाबी जामीन पायजे.”

ते हसले. “कशाचा गं?”

“मेंढरं आदी बसत्यात, धान्य मागनं येतं. गेल्या सालचं आजून यायचं हाय. त्याला जामीन कोन?”

आबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. आप्पा म्हणाले, “गप, पोरी.” शैलाचा चेहरा लाल झाला. तुझ्या भल्यासाठी घरी आणलं आणि तू माझ्या बापाला हिशोब विचारतेस, असं ती म्हणाली. मी खुर्चीतनं उठले. आप्पांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

वाटेत आप्पा एकच बोलले. “रान गेलं.” मला सोडायला एसटीपर्यंतसुद्धा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाघरी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्या, गुंडाळून कळप पुढं निघाला. पुढच्या गावात आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा निम्मं धान्य आधी मागितलं, हे मला आईकडून कळलं. दोघा-तिघांनी शिव्या देऊन हाकललं. एकानं कुरकुरत मापून दिलं. आप्पा माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. पण ज्वारी आधी मागायचं त्यांनी सोडलं नाही.

शैलानं खोली बदलली. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला जागा मागून घेतली.

मी मिरजेला गेले. तिथल्या दुकानातला म्हातारा पगाराचा कागद बघून कार्ड द्यायला तयार झाला, जामिनाशिवाय. पण माझ्याकडं बोट करून म्हणाला, एक दिवस उशीर झाला तर सायकल उचलून आणीन. हे तो दुसऱ्या कुणाला म्हणताना मी ऐकलं नाही. मी कार्ड घेतलं. त्यावर माझं नाव होतं. माझ्या घरातलं पहिलं नाव, ज्यावर कुणी काही उधार दिलं.

पगार झाला की घासलेटसुद्धा न घेता मी आधी मिरज गाठायची. शिक्का बसला की श्वास सोडायची. एकदा ताप होता, तरी गेले. त्याच सुमाराला शैलाचं कार्ड बोर्डावर राहिलं होतं, ते मी उघडून बघितलं. मधले चौकोन मोकळे. विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, मालक म्हणतात सावकाश द्या, घरचंच आहे.

तेव्हा मला कळलं की माझी जळजळ संपलेली नाही. मला वाटत होतं, सायकल आली की शमेल. कार्ड आलं की शमेल. पण मला फक्त वेळेवर भरायची मुभा मिळाली होती. शैलाला उशीर करायची होती.

पुढच्या पगाराला मी मिरजेला गेले. पैसे पर्समध्ये होते. म्हाताऱ्यानं शिक्का उचलला. मी म्हटलं, “ह्या महिन्याचं दहा तारखेला देईन.”

तो माझ्याकडं बघत राहिला. कारण सांगायची वाट बघत होता. आजारपण, लग्न, मयत, काहीतरी. मी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, आपलं काय ठरलं होतं? मी म्हटलं, सायकल बाहेर लावलीय, उचलायची तर उचला.

तो उठला नाही.

मी बाहेर आले, सायकलवर बसले आणि सांगलीच्या रस्त्याला लागले. दहा तारखेला मी हप्ता दिला. कारण तेव्हाही दिलं नाही.

लोक म्हणतात, जळू नये, मन मोठं ठेवावं. ठेवा तुम्ही. तुम्हाला न मागता मिळालंय. मी ही जळजळ विझू देणार नाही. विश्वास शैलाला फुकट मिळतो तसाच मला मिळाला पाहिजे. त्याच्यापेक्षा एक काडी कमी मी घेणार नाही. आणि त्यासाठी हात जोडणार नाही. कुणापुढंच.