अक्कांचा कॉब्लर

कुणी काहीही करून आणलं, की अक्का आधी त्याचा वास घ्यायच्या. मग दोन बोटांच्या चिमटीत कणभर उचलून जिभेच्या टोकाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प चुकलं." काय चुकलं ते मात्र सांगायच्या नाहीत. विचारलंच तर म्हणायच्या, "ते हातात असावं लागतं. सांगून येत नाही." समोरची बाई डबा झाकून घरी जायची आणि पुढचे दोन दिवस नवऱ्यावर करवादायची.

मुलांनो, परवा तुम्ही ओव्हनमधून काढलेल्या पीच कॉब्लरचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तू हे कधी खाल्लंयस का?" खाल्लंय. तुमच्या आईचा जन्म व्हायच्या आधी, जयनगरात, आणि आंब्याचा. पण त्याबद्दल सांगायचं तर अक्कांबद्दल सांगावं लागतं, आणि ती गोष्ट काही गोड नाही.

आम्ही कानडी मुलखात, जयनगरात राहायला आलो तेव्हा रस्ते आखून झाले होते, घरं मात्र विरळ होती. तुमचे आजोबा सकाळी कारखान्याच्या बसनं गेले, की मला मराठी बोलायला एकच जागा उरायची, ती म्हणजे कंपाउंडची भिंत. पलीकडे अक्का राहत. मूळच्या बेळगावकडच्या. बोलताबोलता मराठीतून कन्नडमध्ये जात आणि तिथून एखादा चांगला अपमान घेऊन परत येत. सगळा रस्ता त्यांना अक्काच म्हणे. त्यांचे यजमान कॅन्टोन्मेंटात एका इंग्रज साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. विलायतेला परत जाताना त्या साहेबाच्या मडमेनं अक्कांना कॉब्लर शिकवला आणि आपला पत्र्याचा ओव्हनही देऊन टाकला. साहेब गेला, देश स्वतंत्र झाला, यजमान पेन्शनीत निघाले, पण अक्कांच्या घरातून मडम काही गेली नाही. "आमच्या मडम म्हणायच्या," असं सुरू झालं, की यजमान पेपर थोडा वर धरत.

घरात तिसरं माणूस कुसुम. अक्कांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली आणि पोर अक्कांच्या पदरात आली. पहिल्याच दिवशी अक्कांनी तिची ओळख करून दिली, "ही आमची कुसुम. जन्मतानाच आईला खाल्लं हिनं. आता मला खातीय." आणि हसल्या. कुसुम चहाचा ट्रे धरून तिथंच उभी होती. तिनं मला विचारलं, "काकू, साखर किती?"

कॉब्लर अक्कांचा म्हणून प्रसिद्ध होता. मराठी मंडळाच्या बायका उन्हाळ्यात त्याची वाट बघत. त्यात अंडं नसायचं, त्यामुळे सोवळ्यातल्या बायकाही विलायती पदार्थ खाल्ल्याचा आनंद बिनधोक घेत. पण अक्कांची बोटं संधिवातानं केव्हाच वाकडी झाली होती. मी भिंतीवरून बघायची ना. मागच्या अंगणात सगळं कुसुम करायची आणि अक्का वेताच्या खुर्चीवर बसून तोंड चालवायच्या.

मडमेच्या कृतीत डब्यातली फळं होती. त्यात आंबा आणला तो कुसुमनं. नुसता बदामी, म्हणजे तिकडचा हापूस, घातला तर त्याचा लगदा होतो, म्हणून ती अर्धा तोतापुरी घ्यायची, जरा करकरीत असतानाच. फोडींवर साखर, लिंबू, चिमूटभर सुंठ. मग मैदा, बेकिंग पावडर, थंड लोणी बोटांनी कुस्करून त्याचा रवा आणि वरून ताक, जेमतेम गोळा होईल इतकंच. मळायचं अजिबात नाही. भजी सोडतो तसे त्याचे ओबडधोबड गोळे फोडींवर सोडायचे, मध्ये जागा ठेवून, म्हणजे रस उकळून त्या फटींतून वर येतो. खाली शेगडी, झाकणावर निखारे. कुसुम झाकण उघडून बघायची नाही. ओव्हनजवळ कान नेऊन रसाचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, "झालं."

अक्का म्हणायच्या, "फार शहाणी. जळू दे एकदा, मग कळेल."

एका मे महिन्यात कुसुमला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा पुण्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत नव्यानं लागलेला, विलायतेला शिकून आलेला. आई-वडील मुद्दाम पुण्याहून आले होते. हुंडा नको, पत्रिका नको, मुलगी चुणचुणीत हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. अक्कांनी फर्मान काढलं, "कॉब्लर कर. विलायतेहून आलाय, त्याला शिरा काय खायला घालतीस?" मलाही बोलावलं, कारण मी कॉलेजात शिकलेली. मुलगा इंग्रजीत बोलला तर कुणीतरी हवं.

त्या सकाळी मी लवकर गेले आणि मागच्या अंगणात बसले. कुसुमच्या हाताला पीठ होतं, कपाळाला घाम. गोळे सोडताना तिनं वर न बघता विचारलं, "काकू, जमलं तर मी जाईन ना हो इथून?"

"जाशील की. पुण्याला नाही तरी गावाच्या त्या टोकाला, मल्लेश्वरमला. त्याची खोली तिकडेच आहे ना?"

"कुठंही चालेल," ती म्हणाली.

पाहुणे आले. मुलगा साधा, लाजरा होता. कॉब्लर समोर आला तसा मात्र खुलला. पहिला घास घेतला आणि इंग्रजी विसरून मराठीत म्हणाला, "अरे वा! आमच्या लँडलेडीच्या हातालासुद्धा अशी चव नव्हती." त्याच्या वडलांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

कुसुम खाली मान घालून म्हणाली, "मी."

"शाब्बास! मग काय, आमची तर चैनच आहे." वडील बायकोकडे बघून हसले. बायकोही हसली. ठरल्यातच जमा होतं ते. माझी नजर सहज अक्कांकडे गेली. त्यांच्या हातात बशी होती आणि त्या खात नव्हत्या.

"तिनं?" अक्का म्हणाल्या. आवाज अगदी लाडाचा. "अगं बाई, तिनं काय केलं? विस्तव फुंकला. मडमेनं शिकवलेला पदार्थ हा, सगळ्यांना येतो होय? गेली इतकी वर्षं मी करतीय, विचारा कुणालाही. पोर आहे, बोलून गेली. तुम्ही मनावर घेऊ नका."



मी म्हणाले, "अहो अक्का, असं काय म्हणता? सकाळी मी तिथंच बसले होते. कुसुमनंच केलाय, पहिल्यापासून."

अक्का माझ्याकडे वळल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्या शेजारीणबाई फार मायाळू. कॉलेजात शिकल्यात ना. बिनआईच्या पोरीची बाजू कशी घ्यायची, ते शिकवतात तिथं." सगळे हसले. मी पुन्हा बोलले, जोरात बोलले, पण आता मी जितकं बोलत होते तितकं ते दयेचं वाटत होतं. यजमानांच्या हातात पेपर नव्हता, म्हणून ते छताकडे बघत होते.

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "काय गं मुली, खरं काय ते तूच सांग."

कुसुमनं अक्कांकडे बघितलं.  मग म्हणाली, "मावशी म्हणते तसं."

त्या बाई वाईट नव्हत्या. जाताना फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रूप, शिक्षण, आम्ही काही बघत नाही हो. पण पहिल्याच भेटीत खोटं?" मुलगा पुढे चालू लागला होता. पण निघण्याआधी त्यानं आणखी वाढून घेतलं होतं आणि बशी चाटूनपुसून खाल्ली होती. हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून अक्कांना सरळ विचारलं, "का केलंत असं?"

मोलकरणीवर ओरडावं तशा त्या ओरडल्या, "माझं आहे ते! मडमेनं मला दिलं. आणि ही गेली असती तर माझे पाय कोण चेपणार होतं? माझी वेणी कोण घालणार होतं? तुम्ही येणार होता? बोला की!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "दुसरं स्थळ येईल. घाई काय आहे?"

दुसरं स्थळ आलं नाही. मराठी घरं मोजकी. खोटं बोलणारी मुलगी, हे कॅन्टोन्मेंटपर्यंत पोचलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांनी नेहमीसारखं मंडळाच्या बायकांना बोलावलं. बायका जमल्या. कुसुमनं शेगडी पेटवली, आंबे, मैदा, लोणी सगळं नीट मांडलं, हात धुतले आणि पायरीवर जाऊन बसली.

"अगं, बसतीस काय?"

"विस्तव फुंकलाय मावशी. माझं काम झालं."

बायका बघत होत्या. अक्कांना उठावं लागलं. वाकड्या बोटांनी त्यांनी पीठ घेतलं आणि पोळीच्या कणकेसारखं मळत बसल्या. मध्ये झाकण उघडून दोनदा बघितलं. बाहेर आलं तेव्हा वर पांढरी दगडी फरशी होती आणि खाली काळा पाक. कुसुमनं ते कापून प्रत्येकीच्या बशीत वाढलं, अगत्यानं, "आणखी घ्या ना" म्हणत. कुणीतरी हळूच म्हणालं, "अक्का, स्वल्प चुकलं का हो?" आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षानुवर्षांचे परत गेलेले डबे होते त्या हसण्यात. मीही हसले. अक्कांनी आपली बशी शेवटपर्यंत संपवली.

त्यानंतर कुसुमनं तो ओव्हन भंगारवाल्याला दिला. शिकवणी लावून टायपिंग शिकली, कारखान्यात नोकरीला लागली. यजमान गेले. अक्कांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या बाहेरच्या खोलीत खाटेवर पडल्या. कुसुमनं त्यांचं सगळं केलं. आंघोळ, औषध, मऊ भात, रोज धुतलेलं लुगडं. बोट ठेवायला जागा नव्हती. घरात आवाज मात्र रेडिओचाच.

शेवटच्या उन्हाळ्यात अक्कांनी कॉब्लरचा ध्यास घेतला. जीभ जड झाली होती, तरी मागत राहायच्या. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. कुसुम म्हणे, "मावशी, मला कुठं येतो?" आणि बदामीच्या फोडी सालं काढून, बारीक चिरून भरवी.

माझ्याकडे तोवर विजेचा ओव्हन आला होता. मला राहवेना. जसं बघितलं होतं तसंच केलं, तोतापुरीसकट, आणि सकाळी गरमगरम घेऊन गेले. कुसुम आरशासमोर वेणीला रिबन बांधत होती. मी अक्कांना चमच्यानं घास भरवला. त्यांनी तो जिभेवर धरला आणि मान हलवली.

"हे तिचं नव्हे," त्या म्हणाल्या. शब्द तुटत होते, पण ऐकू येत होते. "तिच्या हातचं पाहिजे. कुसुमच्या. तीच करायची."

आरशातला हात थांबला. मी कुसुमकडे बघितलं. मला वाटलं, आता वळेल. तिनं रिबनची गाठ पक्की केली, जेवणाचा डबा पिशवीत टाकला, खाटेजवळ येऊन अक्कांच्या हनुवटीवर ओघळलेला रस नॅपकिननं टिपला. "काकू, मला बस गाठायचीय," ती म्हणाली. "जाताना दार तेवढं ओढून घ्या."

चपला घातल्या आणि गेली. अक्का दाराकडे बघत राहिल्या. मी चमचा खाली ठेवला. त्यांनी तो घास गिळलाही नाही आणि थुंकलाही नाही.