बर्फवाला चंदर आणि भाच्याचा ताप

कराचीच्या दंगलीत कुणीतरी चंदरचे दात पाडले, अशी आवई उठली होती. फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाचं नुकतंच उल्हासनगर झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आता दात पाडायचे तर आधी ते असावे लागतात! चंदरच्या तोंडात मुळातच चार दात, तेही तांदळाच्या कण्यांसारखे टोकदार. डोक्यावर नुसती लव. चोविशीतला हा गडी साठीचा दिसे. नवी माणसं ‘बाबा’ म्हणून पाया पडत, आणि हा बेरकी आशीर्वाद देऊन मोकळा होई.

त्याच्या मामाचंही असंच होतं, मामाच्या मामाचंही. घराण्यातल्या बायका धडधाकट, पण त्यांच्या पोटी एखादा मुलगा असा निघे. खरी पंचाईत दातांची नव्हतीच. अंगाला घाम म्हणून येत नसे. ऊन चढलं की अंग तव्यासारखं तापे. म्हणून तर त्यानं धंदा धरला बर्फाचा. ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन तो बराकींतून हिंडे, तेव्हा बायका एकमेकींना टाळी देत, "आला गं, बोळक्या नवरदेव!" काय दिवस होते ते! घराघरांत भिंती कसल्या, गोणपाटाचे पडदे. एका घरात मिरचीची फोडणी पडली की चार घरं शिंकायची.

त्याची बहीण जमना शेजारच्याच पडद्याआड राही. तिचं पोर दीड वर्षाचं झालं तरी दाताचा पत्ता नाही. चंदर रोज संध्याकाळी भाच्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवी. बहिणीला सांगायचा धीर होईना.

वैशाखात ते पोर तापलं. चंदर फेरीवर होता. मागच्या पाड्यातली गोजरबाई धावत आली. कुणालाही ताप आला की तिचा हुकमी इलाज एकच, घोंगडी. तिनं पोराला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, पडदे ओढले. "घाम फुटू दे, मंग ताप पलंल."

तास गेला, दोन तास गेले. घाम काही येईना. बाईनं तिसरी घोंगडी मागवली.

तेवढ्यात चंदर आला. पोराचे डोळे फिरलेले पाहिले मात्र, त्यानं घोंगड्या भिरकावल्या आणि डोक्यावरचं ओलं गोणपाट काढलं.

"अरं मेल्या, पोराला मारतंस काय?" गोजरबाईनं त्याचं मनगट धरलं.

"जमना, हा माझ्यावर गेलाय," चंदर म्हणाला. "ह्याला घाम येणार नाही. कधीच नाही."

जमनानं भावाच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिनं गोजरबाईची बोटं सोडवली.

दोघं ओढण्या भिजवून पोराचं अंग पुसत राहिले, पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. दिवेलागणीला पोर रडलं ते भुकेनं. पेज करून आणली ती गोजरबाईनंच. पण गप्प बसेल तर ती बाई कसली!

"म्हंजे जनमभर याला असाच भिजवत ठेवशील काय रं?"

"ठेवीन," चंदर म्हणाला. "माझ्या मामानं मला ठेवला, मी ह्याला ठेवतो. तुम्ही फक्त घोंगडी आणू नका, मावशी."