चौथ्या पटावरची बरोबरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि एका चहावर चार माणसांचे आवाज काढून दाखवणारा मी काही लपवून ठेवत असेन, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

जवळा बाजारचा आमचा चौघांचा बुद्धिबळाचा संघ. कर्णधार मी. पहिल्या पटावरही मीच. चौथ्यावर परसू राठोड — तांड्यावरचा, विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन. तो डाव कडेनं उघडायचा. उंटापुढचं प्यादं दोन घरं, मग दुसरा उंट कोपऱ्यात दबा धरून. पटाचा मधला भाग समोरच्याला खुशाल आंदण. मी चिडवायचो, "अरे, मधून चाल की. कडेकडेनं काहून चोरावानी येऊन राहिला?" तो म्हणायचा, "येतो की बराबर." आणि यायचा. तेच मला — थांबा, येतो तिथवर.

हिंगोलीला जिल्ह्याचा शेवटचा सामना. मी हरलो, वीस चालींच्या आत, वजीर घालवून. दुसरा जिंकला, तिसऱ्याची बरोबरी. ते दोघं चहाला बाहेर गेले. आता परसू जिंकला तरच आम्ही पुढं जाणार होतो. बरोबरी झाली तर समोरचा संघ, कारण आधीच्या फेऱ्यांत त्यांचे गुण जास्त. आणि परसू जिंकत होता! कोपऱ्यातल्या उंटानं हत्ती टिपला होता. तेवढ्यात समोरच्यानं बरोबरी मागितली. गुणांचं गणित परसू माझ्यावर सोडायचा. त्यानं मान वर केली.

"घेऊ का, भाऊ?"

मला पट दिसत नव्हता, असं कसं म्हणू? पण मला पुढचंही दिसत होतं — हार परसूच्या गळ्यात, आणि पुढच्या वर्षी पहिल्या पटावर परसू.

"घे," मी म्हणालो.

बाहेर ते दोघं त्याच्यावर तुटून पडले. "खांबावर चढतो अन् प्याद्याला भेतो व्हय रे?" परसूनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली. माझं नाव त्यानं घेतलं नाही. आणि मी? मी त्याचा थरथरता हात करून दाखवला — जो थरथरलाच नव्हता. काय हशा पिकला! सहा वर्षं ती नक्कल मी करतोय. एकदा तर त्याच्याच पोरीच्या साखरपुड्यात, त्याच्यासमोर. तोही हसला.

परसूनं पुन्हा पट मांडला नाही. पुढच्या वर्षी पहिल्या पटावर मीच बसलो, आणि — हेही सांगून टाकतो — मला छान वाटलं.