ज्याच्याशी भांडण, त्याच्याकडे पिशवी

आमच्या नृत्यमंडळीत मला सगळे फ्यूज म्हणतात. मी लाइटवाला, आणि चटकन उडतो. उडतो तर उडतो! पण आमच्या कपडेपटवाल्या मावशीबद्दल कोणी वाकडा शब्द काढला, तर मी नुसता उडून थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मावशी बुटकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ओठांत कायम टाचण्या. टाचण्या तोंडात धरून ती बोलते आणि आम्हाला सगळं कळतं, इतकी वर्षं आम्ही ते ऐकतोय. आधी ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. नवरा आमच्या मंडळीचा ट्रक चालवायचा. तो गेला, तेव्हा मॅनेजरनं तिला बोलावलं. "थोडे दिवस कपड्यांचं बघा," म्हणाला. ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत.

मंडळीचे परदेश दौरे असतात. लोकांना वाटतं, काय मजा आहे यांची! मजा कसली? नाट्यगृहाच्या मागच्या दारानं आत शिरायचं, ट्रंका उतरवायच्या, खेळ करायचा, ट्रंका चढवायच्या आणि मागच्याच दारानं बाहेर पडायचं. परदेश म्हणजे माझ्या लेखी मागची दारं.

मावशीच्या पहिल्याच दौऱ्यात मॅनेजरनं सगळ्या मंडळीचे पैसे एका चामडी बॅगेत ठेवले होते. स्टेशनवर चहा घ्यायला बॅग खाली ठेवली, चहा उचलला, बॅग गेली. पुढच्या खेळाचे पैसे हातात पडेपर्यंत आम्ही नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीत पडद्यांवर झोपलो आणि तिथल्या पहारेकऱ्यानं आणून दिलेला पाव खाल्ला. मॅनेजर डोक्याला हात लावून बसलेला. मावशी नवी होती, तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तिनं टाचण्या काढून बाजूला ठेवल्या.

"सगळे कपडे एका खुंटीवर टांगतं का कोणी? खुंटी तुटली की सगळेच मातीत!"

मॅनेजरला ते लागलं. पण माणूस सरळ. म्हणाला, "मग तुम्हीच सांभाळा." तेव्हापासून दौऱ्यावरच्या पैशाचा कारभार कपडेपटात आला.

आणि काय कारभार! विमानतळावर उतरल्याबरोबर नाचणाऱ्या पोरी पैसे बदलण्याच्या खिडकीकडे पळायच्या, तर मावशी दोन्ही हात पसरून आडवी. "इथे फक्त बसच्या भाड्यापुरते. उरलेले गावातल्या बँकेत. इथला भाव ऐकलात तर रडाल." दुकानात कोणी कार्ड दिलं, आणि यंत्रानं विचारलं की आपल्याकडच्या पैशात देता की इथल्या, की मावशी दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायची, "इथल्या! इथल्याच!" आपल्या पैशात म्हटलं की दुकानाचं यंत्र मनाला येईल तो भाव लावतं, हे तिनं एकदा दोन पावत्या शेजारी ठेवून आम्हाला दाखवलं होतं. मशीनमधून नोटा काढायच्या त्याही दिवसाउजेडी, बँकेच्या आतल्या मशीनमधून. कार्ड अडकलं तर विचारायला समोर माणूस हवा. आणि काढायच्या त्या एकदाच भरपूर. "दर खेपेला बँक चावा घेते. सारखं सारखं बोट कशाला द्यायचं?"

पण तिची खरी करामत म्हणजे पिशव्या. दौऱ्याआधी प्रत्येकानं अडीअडचणीसाठी थोडे पैसे बाजूला काढायचे, कुठल्याही देशात बदलून मिळतात अशा नोटांत. त्या नोटा मावशी स्वतः निवडणार. फाटकी नको, शाईचा डाग नको, टाचणीचं भोक तर मुळीच नको. मग मऊ कापड वर टाकून त्यांना हलकी इस्त्री! आम्ही हसायचो. "हसा. खिडकीतला माणूस घडी पडलेली नोट परत करील ना, तेव्हा हसू नका म्हणजे झालं." इस्त्री झाली की नोटा प्लास्टिकमध्ये, घामानं भिजू नयेत म्हणून. मग अस्तराच्या उरलेल्या कापडाची चपटी पिशवी, आणि तिला चारी बाजूंनी टाके. उसवल्याशिवाय उघडायची नाही.

आणि ती पिशवी आपली आपल्याजवळ ठेवायची नाही! माझी दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याची माझ्या अंगावर. चोर मला लुटेल, पण माझी पिशवी शाबूत राहील.

जोड्या मावशी लावायची, आणि त्या लावायची भांडणं बघून. एकदा दोन पोरी गळ्यात गळे घालून आल्या. "मावशी, आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी. आमची जोडी लावा ना."

"म्हणूनच नाही," मावशी म्हणाली. "मैत्रिणीचे पैसे हरवले तर सॉरी गं म्हणून गळ्यात पडशील. जिच्याशी बोलत नाहीस तिचे हरवले तर? तोंड लपवायला जागा मिळेल का? झोपेतसुद्धा चाचपून बघशील."

या न्यायानं तिची स्वतःची पिशवी मॅनेजरकडे असायची, कारण त्या दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच. आणि माझी? माझी भोंग्याकडे.

भोंगा म्हणजे आमचा साउंडवाला. आडवा देह, मोठा आवाज, त्यामुळे नावही तेच. आमच्यात विस्तव जात नव्हता. मी दिवे हळूहळू मंद करायला लागलो की त्याच्या स्पीकरमधून घूं असा आवाज यायचा. तो म्हणे, तुझा डिमर भिकार. मी म्हणे, तुझ्या वायरी भिकार. एका मोठ्या खेळात ऐन शांततेच्या जागी घूं झालं, प्रेक्षक हसले, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. शेजारी उभे असलो तरी मी म्हणायचो, "मावशी, त्या माणसाला सांगा, माझ्या केबलवरचा पाय काढ." तो म्हणायचा, "मावशी, त्या माणसाला सांगा, केबल रस्त्यात टाकू नको." आणि अशा माणसाची पिशवी माझ्या कमरेला, माझी त्याच्या! तळपायाची आग मस्तकात जायची. पण खरं सांगतो, ती पिशवी मी जिवासारखी जपायचो. हरवली असती तर त्यानं जन्मभर भोंग्यावरून पुकारलं असतं.

त्या दौऱ्यात सकाळीच मॅनेजर आणि पोरी बसनं पुढच्या गावाला गेले. मागे राहिलो आम्ही तिघं, मावशी, भोंगा आणि मी, सामान बांधायला. मी शिडीवर बसून दिवे उतरवत होतो, तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"ताईला हॉस्पिटलमध्ये आणलंय. हृदयाची मोठी नळी बंद आहे. उद्या दुपारी ऑपरेशन." मग जरा थांबून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला बोलावून घ्या. आणि ती सारखी विचारतेय, ते येतायत ना?"

मी घाबरलो. केस पिकलेला माणूस, पण शिडीवरून खाली कसं उतरायचं तेच आठवेना.

"आधी खाली ये," मावशी खालून म्हणाली. "जे असेल ते खाली येऊन सांग." सांगितल्यावर तिनं हातातला झगा तसाच ट्रंकेवर टाकला आणि माझ्या दंडाला धरून मला कोपऱ्यावरच्या तिकिटांच्या दुकानात नेलं. भोंगा न बोलवता मागून आला.

दुकानात एक बाई बसलेली. संध्याकाळच्या विमानात जागा होती. ते सकाळी पोचणार होतं, म्हणजे ऑपरेशनच्या आधी. त्यानंतरचं विमान दुसऱ्या दिवशी. मी कार्ड पुढे केलं. बाईनं आकडे टाइप केले आणि म्हणाली, "तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, तो सांगा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा बँकेतला नंबर घरच्या फोनवर. मावशी दर दौऱ्याला कानीकपाळी ओरडायची की तो नंबर सोबत घे, आणि मी म्हणायचो, बायको आहे ना! कुठेही पैसे द्यायचे झाले की मी घरी फोन लावायचा आणि बायकोनं ओटीपी वाचून दाखवायचा, वर "आता काय घेतलंत?" हेही विचारायचं. आता फोन घरात, घराला कुलूप, आणि किल्ली तिच्याबरोबर लांबच्या शहरातल्या हॉस्पिटलात.

मेहुण्यानं स्वतःच्या खात्यातलं होतं नव्हतं ते हॉस्पिटलला भरलेलं. मॅनेजरची बस डोंगरात, फोन लागेना. भोंग्याचं कार्ड बाहेरदेशी चालतच नव्हतं, त्यानं बँकेत जाऊन ते सुरू करून घेतलंच नव्हतं. मावशीच्या कार्डावर रोजची मर्यादा तिनंच कमी ठेवलेली, चोरीला गेलं तरी फार जाऊ नये म्हणून, आणि ती सकाळी हॉटेलच्या बिलात संपली होती.

"पिशवी," मावशी म्हणाली.

भोंग्यानं शर्टाच्या आत हात घातला आणि माझी पिशवी काढली. एकही टाका सैल नव्हता. मावशीनं कमरेची छोटी कात्री काढून ती उसवली, नोटा टेबलावर ठेवल्या. तिकीट त्याच्या किती तरी वर होतं. मॅनेजरची पिशवी मावशीकडे होती, पण ज्याची त्याला विचारल्याशिवाय उसवायची नाही हा तिचाच नियम. तिनं आपलं पाकीट उपडं केलं. तरी नाहीच.

मी खुर्चीत बसलो. काय करावं सुचेना. डोळ्यांसमोर बायको, आणि तिचं ते एकच विचारणं.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर जड हात पडला. "ए फ्यूज," भोंगा म्हणाला. मावशीला नाही, मला म्हणाला. "माझी पिशवी तुझ्याकडे आहे ना? तीही उसव."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"बघतोस काय? विमान काय तुझ्या मामाचं आहे, थांबायला?"

मी कमरेची पिशवी सोडली. मावशीनं तीही कात्रीनं उसवली. दुकानातल्या बाईनं नोटा बघितल्या आणि तिचा भाव लावून म्हणाली, अजून थोडे कमी पडतात. मी रडकुंडीला आलो. मावशी मात्र उभी राहिली. "हिचा भाव विमानतळाच्या खिडकीसारखा आहे. बँक बंद व्हायला वेळ आहे. तिला म्हणावं, जागा धरून ठेव."

त्या वयाची, त्या उंचीची बाई मी तशी पळताना कधी पाहिली नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या बँकेत खिडकीतल्या माणसानं एकेक नोट दिव्यासमोर धरली, मागून पुढून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. मी मनात नोटा मोजत उभा. एकही नोट परत आली नाही. एकही! इस्त्रीला हसलो होतो आम्ही, गाढव कुठले. बँकेच्या भावानं तिकीट तर निघालंच, वर विमानतळाच्या बसपुरते उरले, ते मावशीनं माझ्या दोन वेगवेगळ्या खिशांत घातले. अशा वेळीसुद्धा दोन खिशांत.

"जा," ती म्हणाली. "ट्रंकांची काळजी करू नकोस."

सकाळी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बायको जागी होती. हिरवा झगा घातलेला, चेहरा उतरलेला. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"तिकीट कसं काढलंत? ओटीपी कोणी सांगितला?"

"भोंग्यानं पैसे दिले," मी म्हटलं.

"कोणी?" इतकी वर्षं रोज जेवताना तिनं माझ्याकडून भोंग्याचा उद्धारच ऐकलेला. ती हसायला लागली. नर्स धावत आली, हसू नका म्हणाली, तरी हसतच राहिली. तिला आत नेईपर्यंत मी तिचा हात धरून होतो. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ती बरी झाली, हिंडूफिरू लागली. भोंग्याचे पैसे मी बँक उघडल्या उघडल्या परत केले. नवा दौरा ठरला. मी तो फोननंबर सोबत घेतला, आणि बायको म्हणते, आता तुम्ही काय घेता ते मला कळतच नाही.

कपडेपटात मावशी पिशव्या शिवत बसली होती. मी आणि भोंगा दारात उभे. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं आता जमतं म्हणे. केबलीसुद्धा बरोबर गुंडाळता. मग जोडी मोडते मी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग भोंग्यानं घसा साफ केला.

"कोण म्हणतं जमतं? मावशी, या माणसाला सांगा, त्याचा डिमर भंगारात टाक!"

"मावशी," मी ओरडलो, "या माणसाला सांगा, वायरी आधी धड जोडायला शीक!"

"त्याला सांगा, त्याला दिवा आणि पणती यातला फरक कळत नाही!"

"त्याला सांगा, बहिऱ्यानं साउंडला बसू नये!"

पोरी धावत आल्या, मॅनेजर आला, आम्ही थांबायला तयार नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग शेवटचा टाका घालून दातांनी दोरा तोडला. माझी पिशवी भोंग्याच्या हातात ठेवली, त्याची माझ्या.

"झालं नाटक?" ती म्हणाली. "निघा आता. मला काम आहे."

भोंग्यानं पिशवी शर्टाच्या आत घातली आणि वरून एकदा चाचपली. मीही चाचपली.