दोन फुल्या

आमचे बाबा इंग्रजीचे मास्तर. निवृत्त झाले तरी हातात खडू असल्यासारखे बोलायचे. "लोकशाही शिकावी तर अमेरिकेकडून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारचे चाचा बोटीवर नोकरी करून आलेले. ते म्हणायचे, "मास्तर, अमेरिका तुम्ही वाचलीत, मी पाहिलीय." रोज संध्याकाळी आमच्या पडवीत दोघांची जुंपायची आणि आई चहाचं आधण ठेवायची.

सन दोन हजार. रत्नागिरीतल्या आमच्या आळीच्या वाचनालयाची निवडणूक लागली आणि अध्यक्षपदाला हे दोघेच समोरासमोर उभे राहिले. बाबा एका मताने पडले. एक मतपत्रिका बाद झाली होती, तिच्यावर दोघांच्याही नावापुढे फुली होती. झालं! बाबांनी मोजणीच्या टेबलापाशीच आवाज चढवला. "माझ्यापुढची फुली ठसठशीत आहे. मतदाराच्या मनात मीच होतो!"

"मन कसं मोजायचं, मास्तर?" चाचा म्हणाले.

त्यावर बाबांनी त्यांना चारचौघांत लबाड म्हटलं. चाचा पडवीत यायचे बंद झाले. दोन घरांमधल्या गडग्यावरून कालवणाची वाटी द्यायलाही आई बिचकायला लागली. इतक्या वर्षांची मैत्री, आणि तिची वाट लावली कशाने, तर एका फुलीने! मला तर दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेचं घोडं अडलं. त्यांचा अध्यक्ष कोण, तेच ठरेना. टीव्हीवर रोज तेच. तिकडे मत द्यायचं ते मतपत्रिकेला भोक पाडून; ते भोक आरपार पडलंय की नुसता पोचा आलाय, हे माणसं डोळे बारीक करून बघतायत, आणि बाहेर अर्धा देश उरलेल्या अर्ध्याला चोर म्हणतोय. ज्या अमेरिकेचे गोडवे गायले तिचं हे सोंग बघताना बाबांचा चहा निवून जायचा.

"अरे, मतदाराच्या मनात काय होतं ते ओळखा ना!" एकदा ते टीव्हीवरच ओरडले.

"ओळखायचं काय त्यात?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्या मनात दोघंही होते."

बाबा गर्रकन वळले.

"दोन्ही फुल्या माझ्याच. एकालाच दिलं असतं तर दुसऱ्याला तोंड कसं दाखवलं असतं? आणि तुमची ठसठशीत आली, कारण पेन अडलं म्हणून मी दोनदा गिरवली."

मी फस्सकन हसले. बाबा हसले नाहीत. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

पुढे एका सकाळी, बराच घोळ झाल्यावर, अमेरिकेतला हरलेला उमेदवार टीव्हीवर उभा राहिला आणि ताठ मानेने त्याने निकाल मान्य केला. बाबा उत्साहाने म्हणाले, "बघितलंस? ह्याला म्हणतात..." आणि वाक्य तसंच अर्ध्यावर टाकलं. मग उठले, सदरा चढवला आणि बाजारातून झेंडूचा हार घेऊन आले.

"हरलेल्यानेच हार न्यायचा असतो," पुटपुटत ते वाचनालयाकडे निघाले; अध्यक्ष झाल्यापासून चाचा सकाळचे तिथेच बसायचे. आई आणि मी मागोमाग.

सगळ्यांसमोर बाबांनी चाचांना हार घातला. म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही रीतसर निवडून आलात. मी लबाड म्हटलं, ते चुकलं माझं." त्यांची नजर खाली गेली नाही. अमेरिकेचं पुढे काय व्हायचं ते होवो, माझ्या बापाने त्या दिवशी लोकशाही राखली, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

चाचांनी डोळे पुसले. मग मिस्कीलपणे विचारलं, "काय वो मास्तर, ती दोन फुल्यांची मतपत्रिका कुणाची, पत्ता लागला काय?"

आजूबाजूचे सगळे कान टवकारून उभे. आईने पदर घट्ट धरला.

बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मतदान गुप्त असतं, चाचा," ते म्हणाले. "चला, चहाला चला."