सरांच्या नावाची चाचणी

राग गिळायचा माझा स्वभाव नाही. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मुख्याध्यापक सर आणि मी. दर आठवड्याला मी तिसरीसाठी मोबाईलवर गणिताची चाचणी बनवायची. मुलं घरी आईबापाच्या फोनवर सोडवायची. बरोबर उत्तराला हिरवी खूण, चुकलं की लाल फुली. सर वरचं माझं नाव काढून आपलं टाकायचे आणि लिंक पालकांच्या ग्रुपवर, शिवाय केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या ग्रुपवर सोडायचे. खाली अंगठे, फुलं, अभिनंदन! मी एकदा बोलले, तर म्हणाले, "मॅडम, नाव कुणाचंबी असू द्या, काम तर शाळेचंच हाय ना?"

मग कळलं, शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांसमोर सर नवी चाचणी दाखवणार आणि त्यांचा सत्कारही होणार. माझं डोकंच फिरलं. मी पाढ्यांवर दहा प्रश्न काढले आणि उत्तरतालिकेत मुद्दाम दहाही उत्तरं चुकीची भरली. सर काही उघडून बघत नाहीत, नाव बदलून पुढे ढकलतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

परिषदेत केंद्रप्रमुखांनी हौसेनं आपल्याच फोनवर चाचणी सोडवली. दहापैकी शून्य.

"सर, तुमच्याकडं सात आठे किती व्हतात?"

असा हशा पिकला म्हणता! सरांनी माझ्याकडे बघितलं, मीही सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ही मॅडमनं बनवली, असं ते म्हणणार कसे? मग आधीच्या कुणी बनवल्या, हा प्रश्न आलाच असता. सत्काराची शाल तशीच घडीत राहिली. परिषदेतल्या त्या दिवशीच्या चहाइतका गोड चहा मी आजवर प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीची वही हातात घेतली. पाढे खोडून खोडून कागद फाटायला आलेला. सात आठे चोपन्न. सरांनी सवयीनं तीच लिंक पालकांच्या ग्रुपवरही टाकली होती. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"हे चुकलंय गं."

"न्हाई बाई. म्या आधी छप्पन्नच दाबलं व्हतं. फुली आली. चोपन्नला हिरवी खूण आली. मंग समदे पाढे दुरुस्त केले."

"अगं, फोन चुकला होता."

ती हसली. "फोन कुठं चुकतो व्हय? तुमीच चुकून राह्यल्या, बाई."

सरांची मला अजूनही दया येत नाही. पण ती फुली मीच लावली होती, हे त्या पोरीला सांगायला माझी जीभ उचलली नाही.