लिंबाएवढी गाठ

आमचे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आत्मा-बित्मा सगळं झूट, माणूस म्हणजे नुसतं हाडामांसाचं यंत्र, असं सतराव्या-अठराव्या शतकात लिहून ठेवणारे जडवादी, हा यांचा विषय. जन्मभर तेच शिकवलं आणि घरातही यंत्रासारखेच वागले. "मेंदू बदला, माणूस बदलतो," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. लेकीने चित्रकला निवडली तेव्हा चारचौघांत तिला "वाया गेलेला माल" म्हणाले. ती जी गेली, ती पुन्हा या घराची पायरी चढली नाही.

आणि एका सकाळी यांनी मला चहा करून दिला. मी हबकलेच! "बरं वाटत नाही का तुम्हाला?" विचारलं, तर म्हणाले, "किती दमतेस गं तू." मग एका विद्यार्थ्याला म्हणे, प्रबंध छान झालाय. तो बिचारा घाबरून मला फोन करतो, "मॅडम, सर ठीक आहेत ना?" आठवड्याभरात यांनी लेकीला फोन लावला आणि ओक्साबोक्शी रडले. "माझं चुकलं गं. घरी ये." सूर्य पश्चिमेला उगवला की काय! लेक म्हणाली, शनिवारी येते.

शुक्रवारी हे चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. मेंदूच्या पुढच्या भागात लिंबाएवढी गाठ. "अलीकडे स्वभाव बदललाय ना यांचा? तो हिच्यामुळेच." तो चहा, ते रडणं, सगळं त्या गाठीचं?

"आजच काढायला हवी. नाहीतर जिवाची खात्री नाही," बाई म्हणाल्या.

यांनी माझा हात घट्ट धरला. "उद्या ती येऊ दे. एकदा भेटतो तिला, मग काढा. नंतर मी असा नसेन."

मी बाईंकडे बघून 'आजच काढा' अशी मान हलवली. मेलं, अशा वेळी बायकोने दुसरं करायचं तरी काय?

शनिवारी संध्याकाळी लेक आली तेव्हा हे शुद्धीवर होते. डोक्याला बँडेज. तिच्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

"हिला कोणी बोलावलं?"

"अहो, तुम्हीच! फोनवर ढसाढसा रडलात की!"

यांनी जरा विचार केला. मग वर्गात बोलतात तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "मी नाही. ती गाठ रडली."

लेकीच्या खांद्यावरची बॅग अजून उतरलीसुद्धा नव्हती.